मोहाखालचं अस्वल

आमच्या घरी अस्वलाचा विषय निघाला की सगळे दादाच्या कानांना दोष देतात. आई देते, वहिनी देत आली, गावातला येणारा-जाणारा देतो आणि स्वतः दादाही देतो. "मला ऐकू आलं न्हाय, माझीच चूक," असं तो दोन वर्षं सगळ्यांना सांगत आलाय. ते खरं नाही. चूक कुणाची होती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी गप्प होते.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठेही सांगते, कुणी न विचारताही सांगते. भिवंडीपासून दोन रिक्षा बदलून आत आलं की आमचं गाव. वडील लवकर गेले. दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. तो सातवीनंतर शाळा सोडून नारपोलीत लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, लागला, आणि मी बी. कॉम. झाले. या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या सांगत नाही. पहिली झाली म्हणून दुसरी झाली.

लूमचा कारखाना ज्यांनी आतून पाहिला नाही त्यांना तो आवाज सांगून कळणार नाही. पत्र्याखाली वीस-पंचवीस मशिनी एकदम चालू असतात. कानाला तोंड लावून ओरडलं तरी अर्धंच पोचतं. म्हणून तिथले लोक हातांनी बोलतात. धागा तुटला, शेठ आला, चहा आला, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. शाळेला सुट्टी असली की मी दादाचा डबा घेऊन जायचे आणि त्या खुणा शिकायचे. पंजा पालथा करून खाली दाबला की मशीन बंद कर. ही मला सगळ्यात आधी आली, कारण ती केली की दादा खरंच मशीन बंद करून माझ्याकडे यायचा.

पस्तिशीत पोचेपर्यंत त्याचे कान गेले. तो मान्य करायचा नाही. पण जगातला प्रत्येक माणूस लूमच्या पलीकडे उभा आहे असं समजून तो बोलायचा. रिक्षात त्याचा फोन वाजला की रिक्षावाला दचकायचा. माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा तो निजामपुऱ्यातून पेढे घेऊन थेट कॉलेजच्या गेटवर आला आणि तिथूनच ओरडला, "बाय! पास झालीस ना गं?" स्टाफरूममधून दोन मॅडम बाहेर आल्या. तेव्हा मी पोट धरून हसले होते.

नंतर मला मानकोलीला गोडाऊनच्या ऑफिसात नोकरी लागली. आमच्या कंपनीकडे तंबू, स्लीपिंग बॅगा, बॅटऱ्या, गॅसच्या छोट्या शेगड्या, असला बाहेर फिरायला जाणाऱ्यांचा माल असतो. माझं काम आलेल्या-गेलेल्या मालाचं आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींचं. एसीत बसायचं, हळू आवाजात बोलायचं. मी ते शिकले. इतकं शिकले की दादा एकदा मला न्यायला आला आणि गेटवरून हाक मारली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलीने "कोण गं?" विचारलं, तर मी म्हटलं, "गावातले आहेत."

दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या डोक्यात आलं की आपण जो माल विकतो तो आपण वापरून बघायला हवा. विदर्भातल्या एका जंगलाच्या कडेला दोन दिवसांचा कॅम्प ठरला. घरचा एक माणूस आणायची परवानगी होती. बाकीच्यांनी नवरे, बायका आणल्या. मी दादाला विचारलं, कारण तंबूचा फोटो बघून तो एकदा म्हणाला होता, "तिथं आवाज नसंल ना काय?"

"तुला कशाला हवंय? तुला तर तसंही ऐकू येत नाही," मी चिडवलं.

"कानात लूम चालूच असते बाय. सुट्टीच्या दिवशीपण. रानात जाऊन बघतो, बंद होते का."

कॅम्पच्या आधी साहेबांनी मला कामाला लावलं. तंबूच्या पिशवीत एक इंग्रजी पत्रक येतं, अस्वलांच्या मुलखात कसं राहावं त्याचं. ते मी वाचून सगळ्यांना मराठीत समजावलं. खाणं तंबूत ठेवू नका. खरकटं लांब टाका. अस्वल दिसलं तर पळू नका. साहेब म्हणाले, "मॅडमनी अभ्यास केलाय बरं." दोन दिवस मी त्याच फुशारकीत होते.

आम्ही पोचलो तेव्हा मोहाची फुलं पडायचे दिवस होते. जवळच्या गावातला पन्नाशीचा एक वाटाड्या आमच्यासोबत दिला होता. संध्याकाळी उजेड असतानाच त्याने आम्हाला गोल बसवलं. मी माझं पत्रक दाखवलं. त्याने चित्रं बघितली आणि हसला.

"हे थंड देशातलं हाय. आमचं अस्वल येगळं. वाघ मानसाले टाळते, अस्वलाले टाळाची सवडच भेटत नाही."

मग त्याने सांगितलं ते मला आजही पाठ आहे. अस्वलाला दिसतं कमी. वास त्याला लांबून येतो, पण वारं उलटं असलं तर तोही नाही. वारुळात तोंड घालून वाळवी ओढायला लागलं, किंवा मोहाची फुलं खायला लागलं, की त्याच्या स्वतःच्या फुरफुरण्यात त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. माणूस अगदी अंगावर गेल्यावर ते बघतं. मग पळत नाही, उभं राहतं आणि तोंडावर झडप घालतं. ते भुकेने किंवा रागाने हल्ला करत नाही, घाबरून करतं. झाडावर चढून उपयोग नाही, तेही चढतं. म्हणून एकच उपाय: आपण येतोय हे त्याला आधी कळवायचं. एकट्याने जायचं नाही, पहाटे मोहाखाली तर नाहीच. चालताना बोलत राहायचं, खाकरायचं, काठी दगडावर आपटायची. लांबून दिसलं तर गप उभं राहून हळूहळू मागे सरायचं. अंगावर आलंच तर पालथं पडून मानेवर दोन्ही हात.

तो मऊ आवाजात बोलत होता. दादा माझ्या शेजारी बसून मान डोलवत होता. ऐकू न येणारी माणसं डोलवतात तशी, सगळ्यांच्या मागून अर्ध्या क्षणाने. मग त्याने त्याच्या आवाजात विचारलं, "बाय! काय बोलतोय तो?"

झाडावरचे बगळे उडाले. खरंच उडाले. सगळे हसले. वाटाड्यासुद्धा हसला आणि दादाकडे बोट करून म्हणाला, "हे भाऊ संगं असले म्हंजे काई फिकीर नाही. दोन कोस अस्वल येनार नाही."

पुन्हा हशा झाला. माझे कान तापले. मला वाटलं, हा गावठी माणूससुद्धा माझ्या भावाची थट्टा करतोय. त्या सगळ्या गोलात खरं बोलणारा तो एकटाच होता, हे मला कळलं नाही. सगळ्यांत जास्त शिकलेली मी, आणि मी ती थट्टा समजले.

थोड्या वेळाने ऑफिसातला एकजण, त्याला पक्षी बघायचा नाद आहे, दुर्बीण गळ्यात अडकवून माझ्याजवळ आला. "ताई, भाऊंचा व्हॉल्यूम जरा कमी होईल का?" तो चांगलंच बोलला, हसून बोलला. मी दादाकडे वळले आणि पंजा पालथा करून खाली दाबला.

दादाला लगेच समजलं. त्याने मान हलवली. त्यानंतर तो एक शब्द बोलला नाही. जेवताना ठेचा हवा होता तर बोटाने दाखवला. झोपायला जाताना त्याने माझ्या खांद्याला हात लावला आणि ओठांनीच विचारलं, तो काय सांगत होता म्हणून. सगळं सांगायचं तर मला ओरडावं लागलं असतं. आजूबाजूला सात-आठ तंबू होते. मी त्याच्या कानाशी वाकून एवढंच म्हटलं, "इथे अस्वल असतं म्हणे. लांब जाऊ नको."

तो लांब गेला नाही. हे मला मुद्दाम लिहायचंय. तंबूंपासून हाकेच्या अंतरावर मोहाचं झाड होतं, तिथपर्यंतच गेला.

सकाळच्या पाळीची सवय असलेला माणूस, उजाडायच्या आत उठला. आमच्या गावातही मोह आहे, आई त्याची फुलं वाळवून ठेवते. इथली फुलं जाड आणि रसाची होती. त्याने खिशातला रुमाल पसरला आणि आईसाठी वेचायला बसला. बोलला नाही, खाकरला नाही, गुणगुणलाही नाही. एरवी काम करताना तो मोठ्याने काहीतरी बडबडत असतो, स्वतःशीच. त्या सकाळी नाही. खोडाच्या दुसऱ्या बाजूला अस्वल तीच फुलं खात होतं. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

ओरडणं ऐकून आम्ही बाहेर आलो. आधी मला ते दादाचं ओरडणं वाटलंच नाही. वाटाड्या काठी आपटत, शिव्या देत धावला आणि ते काळं अंग झुडपांत घुसलं. दादा उताणा पडला होता. पालथं पडायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

डावा डोळा गेला. गाल आणि डोक्याची कातडी शिवली. तिथल्या तालुक्याच्या दवाखान्यात बाकावर बसलेली असताना वाटाड्याने मला विचारलं, "ताई, भाऊ बोलत नव्हते काय? मी तं काल म्हनलंच होतं." त्याच्या शर्टावर दादाचं रक्त वाळलं होतं. मी म्हटलं, "त्यांना ऐकू येत नाही ना."

एवढंच म्हटलं. यात खोटं काही नव्हतं. पण कानांची गोष्ट तिथून सुरू झाली. मी तीच साहेबांना सांगितली, फोनवर आईला सांगितली, वहिनीला सांगितली. दादा शुद्धीवर आल्यावर त्याच्याही कानावर तीच घातली आणि त्याने ती घेतली. चांगला माणूस आपल्या अंगावर आलेला दोष घेतो तशी. वाद न घालता.

बरा झाल्यावर तो एक दिवस लूमवर उभा राहून आला. एका डोळ्याने तुटलेला धागा त्याला वेळेत दिसेना. मुकादमाने संध्याकाळी खांद्यावर हात ठेवून घरी पाठवलं. आता तो ओट्यावर बसतो, मच्छरदाण्या शिवतो, म्हशीचं बघतो. तोंडावर रुमाल घेतल्याशिवाय भिवंडीत येत नाही.

वहिनीने कांड्या भरायचं काम घेतलं. लूमच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. घरातच मशीन टाकलीये. ती वाईट बाई नाही, पण दमलेली आहे, आणि दमलेल्या माणसाची जीभ सुटते. "बहिऱ्याला रानात फिरायचं होतं!" कांडी लावताना म्हणायची. "घरात माझं ऐकू येत न्हाय, मी भांडी आपटते तरी येत न्हाय, आणि चालले अस्वल बघायला." भाजीत मीठ पडायचं राहिलं तरी शेवट कानांवर यायचा. पाव्हण्यांसमोरही बोलायची. दादाला त्यातलं निम्मं ऐकू यायचं नाही. निम्मं यायचं. त्यावर तो हसायचा, शिवलेल्या बाजूने हसू वाकडं यायचं.

मी मानकोलीला खोली घेतली होती. शनिवार-रविवार गावी जायचे आणि हे ऐकून घ्यायचे. दर वेळी वाटायचं, आता बोलावं. मग आई ताट वाढायची.

गेल्या वर्षी साहेबांनी मला बोलावून सांगितलं की तंबूच्या पिशवीत आपल्याकडच्या अस्वलाबद्दल मराठी पत्रक घालायचं. "तुम्ही तिथे होता, तुम्हीच लिहा." मी नाही म्हणू शकले असते. मी लिहिलं. वाटाड्याचं सगळं आठवून, साध्या शब्दांत, एका पानावर. सगळ्यात वर लिहिलं: रानात चालताना मोठ्याने बोलत चला.

ते पान छापायला देण्याआधी मी दादाला दाखवलं. का दाखवलं ते नीट सांगता येणार नाही. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती म्हणून असेल. दुपार होती, वहिनी आणि आई शेतावर गेल्या होत्या. दादा कागद डोळ्याजवळ धरून मोठमोठ्याने वाचायला लागला. तो मनात वाचत नाही. "रानात. चालताना. मोठ्याने. बोलत चला." तिथे थांबला. पुन्हा तेच वाचलं.

"हे तिथं सांगितलेलं काय त्यानं?"

मी मान हलवली.

"मला न्हाय बोललीस तू?"

मला ओरडून उत्तर देता येईना. शेजारी माणसं होती. मी पेन घेतलं आणि कागदाच्या मागे लिहिलं. त्याने ते उलटून घेतलं आणि तेही तसंच, मोठ्याने वाचायला लागला. "त्याने सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही. तुझ्या आवाजाची मला—" पुढचा शब्द त्याने वाचला नाही. ओठ हलले फक्त.

त्याने कागद गुडघ्यावर ठेवून हाताने सपाट केला. मग म्हणाला, "मला वाटलं पक्ष्यांसाठी गप बस बोलतेस."

मी रडले. तो रडला नाही. त्याने कागदाचा तो तुकडा फाडून खिशात ठेवला. उरलेलं पान मला दिलं आणि त्याच्या मानाने जमेल तितक्या हळू म्हणाला, "हिला सांगू नको. ती तुला घरात घ्यायची न्हाय. आयलापण नको. माझं काय, मी ऐकून घेतो. मला कुठं सगळं ऐकू येतंय?" हा त्याचा विनोद होता. मला हसता आलं नाही.

मी त्याचं ऐकलं. सात महिने ऐकलं. पत्रक छापून आलं, मानकोलीहून कुठे कुठे गेलं. कुणीतरी कळवलं की फार उपयोगाचं आहे. साहेबांनी ते मला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. त्या रविवारी मी गावी गेले तर वहिनी दारातल्या पाव्हणीला सांगत होती, "कान धड असते तर डोळा राहिला असता." दादा तिथेच सूप दुरुस्त करत होता.

पाव्हणी गेल्यावर मी वहिनीजवळ जाऊन बसले. तिची मशीन चालू होती. मी म्हटलं, "वहिनी, मशीन बंद कर."

"काय झालं ताई? बोला ना."

मी सगळं सांगितलं. वाटाड्याचं बोलणं, हशा, माझा हात, तंबूतलं ते अर्धं वाक्य. ती मला शिव्या देईल, उठून केस धरेल, याची मी तयारी ठेवली होती. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. ती भरलेल्या कांड्या टोपलीत एक एक उभ्या लावत राहिली. टोपली भरली.

"त्यांना म्हाईत हाय हे?"

"हो. मागच्या पावसाळ्यापासून."

"आणि मी बोलत होते तरी ते गप ऱ्हायले?"

तिने पदराने तोंड पुसलं. "दोन वर्षं बोलतेय मी त्यांना," ती म्हणाली. "पाव्हण्यांसमोर बोलले. पोराटोरांसमोर बोलले. तुम्ही केलंत ते एक दिवस केलंत, ताई. मी रोज केलं." मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात माझ्यासाठी माफी नव्हती, रागही अजून पोचला नव्हता. "आता तुम्ही जा खोलीवर. नंतर बोलू."

मी चपला घालत होते तेव्हा ती ओट्यावर गेली. दादा सुपाची कड विणत होता. ती त्याच्या शेजारी बसली, त्याच्या न दिसणाऱ्या बाजूला, आणि खाली मान घालून काहीतरी बोलली. चार-पाच शब्द असतील. मला ऐकू आले नाहीत. त्यालाही आले नाहीत. तिचा पदर हाताला लागला तेव्हा तो दचकून वळला.

"आँ? काय बोलतेस?"

तिने त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. अख्ख्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते पुन्हा म्हणायला हवं होतं.

"काय न्हाय," ती म्हणाली. "च्या ठेवते."